मऊ करणारे आणि जपणारे तेल : पीव्हीसीच्या एका पूरक द्रव्याचा इतिहास

पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजेच पीव्हीसी, कारखान्यात येते तेव्हा ती पिठासारखी पांढरी पूड असते. तिच्यातून वायरचे आवरण, रेनकोट, रेक्झिन किंवा पाण्याची नळी घडवायची तर ती १६० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. अडचण अशी, की शंभर अंशांच्या पुढे गेल्यापासूनच ती बिघडू लागते. आधी पिवळी, मग तांबूस आणि शेवटी काळी पडते, आणि सोबत हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सोडते. शिवाय नुसत्या पीव्हीसीची वस्तू कडक आणि ठिसूळ होते. म्हणून या प्लास्टिकला पहिल्यापासून दोन प्रकारच्या पूरक द्रव्यांची गरज लागली. त्याला मऊ करणारा प्लास्टिसायझर हे एक, आणि उष्णतेपासून व उन्हापासून जपणारा स्टॅबिलायझर हे दुसरे. ही दोन्ही कामे एकाच द्रव्याकडून करून घेण्याचा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. त्यातून निघालेले एपॉक्सिडीकृत सोयाबीन तेल आज मऊ पीव्हीसी बनवणाऱ्या गाळ्यांमध्ये ‘ईएसबीओ’ किंवा नुसते ‘एपॉक्सी’ या नावाने पिंपातून येते. वसईच्या वालीव-सातिवली पट्ट्यातले कारखाने असोत की पुणे-ठाण्यातले, हे पिंप सगळीकडे दिसते.

दुबळे प्लास्टिक

व्हिनाइल क्लोराइड वायू उन्हात ठेवला की त्याची पांढरी घन पूड बनते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान याने १८७२ मध्ये नोंदवले. त्या पुडीचा उपयोग काय, हे त्याला सांगता आले नाही. ग्रीसहाइम-इलेक्ट्रॉन या जर्मन कंपनीतील फ्रिट्झ क्लाटे याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या प्रारंभी व्हिनाइल क्लोराइडवर पेटंट घेतले. कंपनीला मात्र या पदार्थावर यंत्रे चालवता आली नाहीत. तापवले की तो जळे, आणि न तापवता वळत नसे. १९२५ मध्ये कंपनीने ते पेटंट सोडून दिले.

पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, अमेरिकेत ओहायो राज्यातील बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीत वॉल्डो सेमन हा संशोधक धातूला रबर चिकटवणारे द्रव्य शोधत होता. त्याने पीव्हीसी ट्रायक्रेसिल फॉस्फेट आणि डायब्युटिल थॅलेट अशा जास्त तापमानाला उकळणाऱ्या द्रवांत तापवून विरघळवली. मिश्रण थंड झाल्यावर हाती आले ते चिकटवण्याचे द्रव्य नव्हते. ते होते लवचीक, रबरासारखे आणि पाणी न शिरू देणारे प्लास्टिक. गुडरिचने ते ‘कोरोसील’ या नावाने बाजारात आणले. त्याआधी सेल्युलॉइड मऊ करण्यासाठी कापूर वापरला जात होता, त्यामुळे मऊ करणाऱ्या द्रव्याची कल्पना नवीन नव्हती. पण मऊ पीव्हीसीच्या उद्योगाचा आरंभ सेमनच्या या प्रयोगापासून मोजला जातो.

१९३० च्या दशकात दोन्ही कामांसाठी वेगवेगळी द्रव्ये स्थिरावली. मऊपणासाठी मॉन्सँटो कंपनीतील लुकास किरिडीस याच्या नावावर १९३३ मध्ये डायऑक्टिल थॅलेटचे पेटंट निघाले. पुढे जगभर आणि भारतातही ‘डीओपी’ या नावाने तेच प्रमुख प्लास्टिसायझर ठरले. उष्णतेपासून जपण्यासाठी शिशाची संयुगे आली. ती स्वस्त होती आणि विजेच्या वायरला फारच सोयीची, कारण त्यांच्यामुळे वायरची विद्युतरोधकता बिघडत नसे. पण ती विषारी होती आणि त्यांच्यामुळे माल पारदर्शक राहत नसे. अमेरिकेतील कार्बाइड अँड कार्बन केमिकल्स कंपनीत व्हिक्टर इंगवे याने कथिलाची सेंद्रिय संयुगे शोधली. त्यांनी माल काचेसारखा स्वच्छ राही, पण ती महाग पडत. प्लास्टिसायझर आणि स्टॅबिलायझर हे दोन वेगळे खर्च आणि दोन वेगळे पुरवठादार अशीच सगळी मांडणी झाली.

काळे पडण्याचे कारण

पीव्हीसीच्या लांब साखळीत एकाआड एक कार्बनवर क्लोरीनचा अणू असतो. साखळी आदर्श असती तर ती बरीच उष्णता सोसू शकली असती. प्रत्यक्षात ती बनताना काही ठिकाणी फांद्या फुटतात आणि काही ठिकाणी दुहेरी बंध राहून जातात. अशा जागी असलेला क्लोरीन सैल असतो. उष्णतेने तो शेजारच्या हायड्रोजनसह सुटतो आणि हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. मागे एक दुहेरी बंध उरतो, आणि त्या दुहेरी बंधामुळे पुढच्या कार्बनवरचा क्लोरीनही सैल होतो. एक दात सुटला की पुढचे आपोआप सुटत जाणाऱ्या झिपसारखी ही क्रिया साखळीभर धावते. सलग सहा-सात दुहेरी बंध झाले की ते दृश्य प्रकाश शोषू लागतात आणि माल पिवळा दिसतो. रांग लांबत गेली की रंग तपकिरी आणि मग काळा होतो. बाहेर पडलेला हायड्रोजन क्लोराइड हीच क्रिया आणखी वेगाने घडवतो, म्हणून बिघाड एकदा सुरू झाला की झपाट्याने वाढतो.

उन्हातही असेच घडते, फक्त सुरुवात अतिनील किरणांनी होते. आधीच्या तापवण्यात तयार झालेले थोडे दुहेरी बंध आणि ऑक्सिजनने बनलेले कार्बोनिल गट ही किरणे शोषतात. म्हणजे यंत्रात जरा जास्त तापलेला माल पुढे उन्हातही लवकर खराब होतो. उष्णता आणि प्रकाश हे दोन शत्रू असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

जपणाऱ्या द्रव्याने काय करायला हवे, हे यातूनच ठरते. बाहेर पडलेला हायड्रोजन क्लोराइड त्याने पकडून टाकायला हवा, आणि जमल्यास सैल क्लोरीनच्या जागी एखादा टिकाऊ गट बसवून साखळीतली कमकुवत जागाच दुरुस्त करायला हवी. एपॉक्साइड गटाला ही दोन्ही कामे जमतात. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे हे त्रिकोणी कडे ताणलेले असते, त्यामुळे आम्ल समोर आले की ते चटकन उघडते आणि आम्लाला आपल्यात सामावून घेते.

वाइंडमूरची प्रयोगशाळा

हे कडे प्लास्टिसायझरच्या रेणूत बसवण्याची कल्पना शेतमालाच्या प्रश्नातून पुढे आली. शेतमालाचे उद्योगांत नवे उपयोग शोधण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने १९३८ मध्ये कायद्याने चार प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा स्थापल्या. त्यांतली एक फिलाडेल्फियाजवळ वाइंडमूर येथे उभी राहिली. जनावरांची चरबी हा तिच्या विषयांपैकी एक होता. युद्धानंतर साबणाची जागा कृत्रिम डिटर्जंट घेऊ लागले, तसा चरबीचा मोठा ग्राहक दुरावला आणि तिला नवे काम शोधणे निकडीचे झाले.

या प्रयोगशाळेत डॅनियल स्वर्न हा तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करत होता. चरबीत आणि वनस्पती तेलांत ओलेइक आम्लासारखी असंपृक्त मेदाम्ले असतात आणि त्यांत दुहेरी बंध असतो. पेरॉक्सी आम्लाने दुहेरी बंधाचे एपॉक्साइड बनते, हे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय प्रिलेझायेव्ह याने १९०९ मध्येच दाखवले होते. पण त्याने वापरलेले परबेन्झॉइक आम्ल कारखान्याला परवडणारे नव्हते. स्वस्त परॲसिटिक आम्ल वापरले तर तयार झालेले कडे ॲसिटिक आम्लानेच पुन्हा फुटून जाते, अशी समजूत होती. थॉमस फिंडले, स्वर्न आणि जॉन स्कॅनलन यांनी १९४५ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधाने ही समजूत मोडली. तापमान कमी ठेवले, तीव्र आम्ल टाळले आणि क्रिया वेळीच थांबवली, तर परॲसिटिक आम्लानेही एपॉक्साइड चांगल्या प्रमाणात मिळते, असे त्यांनी दाखवले. स्वर्न पुढे टेम्पल विद्यापीठात गेला. १९७८ मध्ये त्याच्या नावाने रूढ झालेली अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणाची पद्धत आज अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. एपॉक्सिडीकरणाचे त्याचे काम मात्र उद्योगाला अधिक उपयोगी पडले.

कारखान्यात परॲसिटिक आम्ल वेगळे बनवून साठवणे धोक्याचे असते. रोम अँड हास कंपनीतील वॉरन नीडरहाउझर आणि जोसेफ कोरोली यांच्या नावावर १९४९ मध्ये निघालेल्या पेटंटाने यावर उपाय दिला. तेल, फॉर्मिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकाच पात्रात एकत्र करायचे, म्हणजे पेरॉक्सी आम्ल तिथल्या तिथे बनते आणि लगेच खर्चही होते. त्याच कंपनीचे ‘पॅराप्लेक्स जी-६२’ हे एपॉक्सिडीकृत सोयाबीन तेल या वर्गातले नामांकित उत्पादन झाले. १९५५ मध्ये गॉल आणि ग्रीनस्पॅन यांनी ॲसिटिक आम्लाची सुधारलेली पद्धत मांडली. त्याच वर्षी वाइंडमूर गटाने एपॉक्सी एस्टर हे व्हिनाइल क्लोराइड पॉलिमरचे प्लास्टिसायझर आणि स्टॅबिलायझर म्हणून कसे चालतात, यावर निबंध प्रसिद्ध केला. लेखकांत विटनॉअर, नाइट, पाम, कूस, ऑल्ट आणि स्वर्न होते. एकच द्रव्य दोन्ही कामे करू शकते, हे आता नुसते अनुमान राहिले नव्हते.

दोन प्रकारची एपॉक्सी द्रव्ये बाजारात टिकली. एक म्हणजे ब्युटिल एपॉक्सीस्टिअरेट किंवा टॉल तेलाचे एपॉक्सी एस्टर यांसारखे लहान रेणू. त्यांनी माल थंडीतही लवचीक राहतो, पण ती हळूहळू उडून जातात. दुसरे म्हणजे सोयाबीन किंवा जवसाच्या तेलाचे मोठे रेणू. सोयाबीनच्या एपॉक्सिडीकृत तेलाचा रेणूभार हजाराच्या आसपास असतो. त्यामुळे ते मालातून सहसा बाहेर उडत नाही, आणि एका रेणूत तीन-चार कडी असल्याने आम्ल पकडण्याची ताकदही जास्त असते.

एकट्याने न होणारे काम

पहिल्या उत्साहात अशी अपेक्षा होती, की हे तेल डीओपी आणि स्टॅबिलायझर दोघांनाही रजा देईल. तसे झाले नाही. उघड्यावर वापरायच्या मालात त्याचे प्रमाण वाढवले, तर ऊन आणि दमट हवेत ते पृष्ठभागावर येऊन चिकट थर तयार करते. तेलात थोडे दुहेरी बंध शिल्लक राहिले असतील तर ते हवेतल्या ऑक्सिजनने सडतात आणि चिकटपणा वाढतो. म्हणून चांगल्या तेलाचा आयोडीन अंक, म्हणजे शिल्लक दुहेरी बंधांचे माप, अगदी कमी असावा लागतो. शिवाय एपॉक्साइड एकटे असले तर ते मुख्यतः सुटलेला हायड्रोजन क्लोराइडच पकडते. साखळीतली सैल जागा दुरुस्त करण्याचा त्याचा वेग फार कमी असतो.

हा वेग वाढवण्याची किल्ली धातूंच्या साबणांत, म्हणजे मेदाम्लांच्या धातू-क्षारांत, मिळाली. १९५० च्या दशकात मऊ पीव्हीसीसाठी बेरियम-कॅडमियम साबण आणि एपॉक्सी तेल ही जोडी जमली. दोघे एकत्र आले की माल दोघांच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त वेळ टिकतो, हे कारखान्यांना अनुभवाने कळले होते. त्याचे कारण अँडरसन आणि मॅकेन्झी यांनी १९७० मध्ये मांडले. कॅडमियम किंवा जस्ताचे क्षार हजर असतील, तर एपॉक्साइड गट साखळीवरच्या सैल क्लोरीनची जागा घेऊन तिथे टिकाऊ इथर बंध तयार करतो. क्लोरीन दुसऱ्या कार्बनला जाऊन बसतो आणि निरुपद्रवी होतो. धातूचा क्षार या क्रियेला उत्प्रेरकासारखी मदत करतो.

या तेलाचे स्थान त्यामुळे निश्चित झाले. शंभर भाग रेझिनला पन्नासच्या आसपास भाग डीओपी, दोन-तीन भाग धातूचा स्टॅबिलायझर आणि तीन ते पाच भाग एपॉक्सी तेल असा ढोबळ हिशेब मऊ कम्पाउंडसाठी रूढ झाला. तेल थोडा मऊपणा देते, म्हणून तितका डीओपी कमी लागतो. ते धातूच्या साबणाचे कामही वाढवते, म्हणून साबणही कमी लागतो. दोघांपैकी कुणाचीच जागा त्याने पूर्ण घेतली नाही, पण दोघांचाही खर्च आणि ताण हलका केला.

महाराष्ट्रातले धागे

महाराष्ट्रात मऊ पीव्हीसीचा मोठा ग्राहक वायर आणि केबल उद्योग झाला. पुण्यात प्रल्हाद आणि किशन छाब्रिया या बंधूंनी १९५८ मध्ये फिनोलेक्सची सुरुवात केली ती मोटारगाड्यांत लागणाऱ्या पीव्हीसी आवरणाच्या केबल बनवण्यापासून. मुंबईत चेंबूरजवळचा कॅलिकोचा कारखाना हा देशात पीव्हीसी रेझिन बनवणाऱ्या सुरुवातीच्या कारखान्यांपैकी होता. १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात मफतलाल समूह आणि शेल यांच्या नोसिलचा नाफ्था क्रॅकर सुरू झाला आणि तिथेही पीव्हीसी बनू लागली. त्याच पट्ट्यात हर्डिलिया केमिकल्स थॅलिक अनहायड्राइड बनवत असे, आणि डीओपीचा कच्चा माल तोच. १९९४ मध्ये फिनोलेक्सने रत्नागिरीजवळ स्वतःचा पीव्हीसी रेझिनचा कारखाना उभारला.

एपॉक्सी तेलाला लागणाऱ्या दोन प्रमुख वस्तूंचे धागेही याच राज्यात आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी १९५४ मध्ये वाडिया समूहाची नॅशनल पेरॉक्साइड कंपनी स्थापन झाली. कल्याणजवळचा तिचा कारखाना देशातील या उद्योगाचा आरंभ मानला जातो. सोयाबीनची वाट जास्त वळणांची आहे. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधींनी सोयाबीनचे खाद्य म्हणून प्रयोग केले आणि ‘हरिजन’मध्ये त्यांबद्दल लिहिले. पण पीक म्हणून सोयाबीन पसरले ते खूप नंतर. १९६० च्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने भारतात त्याचे संशोधन सुरू केले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेने, ‘एमएसीएस’ मालिकेतले वाण दिले. जबलपूरचा ‘जेएस ३३५’ हा वाण विदर्भात आणि मराठवाड्यात फार पसरला. अकोला, वाशिम, लातूर या भागांत सोयाबीन हे खरिपाचे मुख्य नगदी पीक झाले. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातली सोयाबीनची दोन सर्वांत मोठी राज्ये आहेत. देशाला अर्जेंटिना आणि ब्राझीलमधूनही सोयाबीन तेल मोठ्या प्रमाणावर आणावे लागते, त्यामुळे एपॉक्सी तेलाचा भाव खाद्यतेलाच्या जागतिक बाजाराबरोबर हलतो, तर डीओपीचा भाव खनिज तेलाबरोबर. कम्पाउंड बनवणाऱ्याला दोन्हीकडे लक्ष ठेवावे लागते.

मुंबईत जागा महागली तशी लहान कारखानदारी वसईकडे सरकली. वालीव, सातिवली, गोखिवरे या भागातल्या औद्योगिक वसाहतींत प्लास्टिकचे असंख्य गाळे उभे राहिले. त्यांतल्या मालाचे ग्राहक मुंबईपुरते मर्यादित नाहीत. तालुक्यातल्या चांदीपसारख्या गावात विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडलेल्या पंपाची चपटी केबल वर्षानुवर्षे पाण्यात आणि काठावरच्या उन्हात राहते. आवरण कडक होऊन तडकणार की टिकणार, हे बऱ्याच अंशी त्यात कोणता प्लास्टिसायझर आणि किती एपॉक्सी तेल होते यावर ठरते.

पात्रातली क्रिया

एपॉक्सी तेल बनवणे कागदावर सोपे दिसते. ढवळणी आणि थंड पाण्याचे आवरण असलेल्या स्टेनलेस स्टीलच्या पात्रात शुद्ध केलेले सोयाबीन तेल घेतात. त्यात फॉर्मिक किंवा ॲसिटिक आम्ल आणि गरज असेल तर थोडा उत्प्रेरक मिसळतात आणि साठ अंशांच्या आसपास तापमान नेतात. मग हायड्रोजन पेरॉक्साइड काही तास थोडे थोडे सोडत राहतात. या क्रियेतून भरपूर उष्णता बाहेर पडते. पेरॉक्साइड एकदम ओतले किंवा थंड पाणी बंद पडले, तर तापमान झपाट्याने चढते आणि पात्रच फुटण्याचा धोका निर्माण होतो. सत्तर अंशांच्या पुढे गेले की तयार झालेली कडी फुटू लागतात, म्हणजे सुरक्षितता आणि गुणवत्ता दोन्हींसाठी वेग आवरावा लागतो. क्रिया संपली की पाण्याचा थर वेगळा करतात, तेल धुऊन उरलेले आम्ल काढतात आणि निर्वातात वाळवतात.

मालाचा दर्जा मुख्यतः दोन आकड्यांत पाहिला जातो. ऑक्सिरेन ऑक्सिजन, म्हणजे कड्यांमध्ये बसलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण, सहा टक्क्यांच्या वर हवे, आणि आयोडीन अंक शक्य तितका खाली हवा. सोयाबीन तेलाचा आयोडीन अंक १३० च्या आसपास असतो. सर्व दुहेरी बंधांची कडी झाली असे धरले, तर ऑक्सिजनचे प्रमाण हिशेबाने साडेसात टक्क्यांच्या जवळ येते. कड्यांची फूट टाळून त्याच्या जितके जवळ जाता येईल तितके तेल चांगले.

मऊ कम्पाउंड बनवणाऱ्या गाळ्यात हे तेल मिक्सरमध्ये पडते. गरम होत फिरणाऱ्या रेझिनच्या पुडीत डीओपी आणि एपॉक्सी शोषले जातात. पूड आधी ओलसर दिसते, मग पुन्हा कोरडी आणि मोकळी होते. ही कोरडी पूड एक्स्ट्रूडरमध्ये जाते आणि तिचा दाणा निघतो. एक्स्ट्रूडर मध्येच थांबला आणि माल आत अडकून राहिला, तर तो जळतो. डायमधून काळे ठिपके येऊ लागतात, आंबट झोंबणारा वास पसरतो आणि सगळा बॅरल उघडून साफ करावा लागतो. स्टॅबिलायझर आणि एपॉक्सी यांचे काम म्हणजे मुख्यतः अशा प्रसंगी मिळणारी काही मिनिटांची सवड.

ती सवड मोजण्याची जुनी आणि सोपी चाचणी म्हणजे काँगो रेड. परीक्षानळीत कम्पाउंडचे बारीक तुकडे घालून वरच्या बाजूला काँगो रेड रंगाने भिजवलेली कागदाची पट्टी लटकवतात आणि नळी तापलेल्या तेलाच्या कुंडात ठेवतात. हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडला की लाल पट्टीचे टोक निळे होते. तोवर गेलेला वेळ हाच मालाचा उष्णता-स्थैर्य काल. केबलच्या पीव्हीसी आवरणासाठी असलेल्या आयएस ५८३१ या भारतीय मानकात उष्णता-स्थैर्याची अट आहे. एपॉक्सी तेलाचे तीन-चार भाग घालून काढलेला माल आणि न घालता काढलेला माल शेजारी ठेवून तपासला, तर पट्टी निळी होण्याच्या वेळेत फरक स्पष्ट दिसतो.

करंज, मोह आणि जवस

सोयाबीन हे खाद्यतेल असल्याने ते प्लास्टिकमध्ये घालण्याऐवजी अखाद्य तेले वापरावीत, हा विचार भारतात सतत झाला. त्यातल्या मर्यादा रसायनशास्त्राने आधीच ठरवून दिल्या आहेत. करंजाच्या तेलात ओलेइक आम्ल जास्त असते आणि त्याच्या साखळीत एकच दुहेरी बंध असतो. त्याचा आयोडीन अंक ९० च्या खाली जातो, म्हणजे सर्व बंधांची कडी झाली तरी ऑक्सिजनचे प्रमाण सव्वापाच टक्क्यांपर्यंतच पोहोचते. मोहाच्या तेलात संपृक्त आम्लांचा वाटा मोठा, त्यामुळे ते आणखी मागे पडते. एरंडेलात बहुतेक सगळे रिसिनोलेइक आम्ल असते. त्यातही दुहेरी बंध एकच, आणि जोडीला हायड्रॉक्सिल गट, म्हणून त्याचा मार्ग वेगळा. याउलट विदर्भात पिकणाऱ्या जवसाच्या तेलाचा आयोडीन अंक १८० च्या आसपास असतो. एपॉक्सिडीकृत जवस तेलात ऑक्सिजन नऊ टक्क्यांच्या आसपास भरतो. ते सोयाबीनपेक्षा प्रभावी पडते, पण महाग असते.

व्ही. व्ही. गौड, ए. व्ही. पटवर्धन आणि एन. सी. प्रधान यांनी २००६ मध्ये मोह आणि करंज या दोन्ही तेलांच्या एपॉक्सिडीकरणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान, आम्लाचे प्रमाण आणि ढवळण्याचा वेग बदलत त्यांनी कडी बनण्याचा आणि फुटण्याचा वेग मोजला. साठ अंशांच्या आसपासचे मध्यम तापमान सर्वांत फायद्याचे, हा त्यांचा निष्कर्ष वाइंडमूरमध्ये सुरू झालेल्या विचाराशी जुळणारा होता. त्यापेक्षा जास्त तापवले की क्रिया वेगाने होते, पण मिळालेले एपॉक्साइड टिकत नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा तेल विभागही १९३३ मध्ये विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग सुरू झाल्यापासूनच्या परंपरेत तेल-रसायनांवर काम करत आला आहे. तरीही बाजारात प्रमाणभूत माल सोयाबीनचाच राहिला. पुरवठा बारमाही, दर्जा एकसारखा आणि दुहेरी बंध पुरेसे, ही तिन्ही कारणे त्याच्या बाजूने आहेत.

शिसे जाताना

१९९० नंतर या तेलाला नव्याने महत्त्व आले ते जुने साथीदार मागे हटू लागले म्हणून. कॅडमियमच्या वापरावर युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये निर्बंध घातले आणि तिथल्या पीव्हीसी उद्योगाने २००१ मध्ये कॅडमियम सोडले. शिशाचे स्टॅबिलायझर तिथे २०१५ च्या अखेरीस थांबले. विद्युत उपकरणांतील शिशाला ०.१ टक्क्याची मर्यादा घालणारा युरोपीय निर्देश १ जुलै २००६ पासून लागू झाला. तशीच मर्यादा भारताच्या २०११ च्या ई-कचरा नियमांत आली, आणि भारतीय केबल उद्योगाला शिशाशिवाय माल बनवणे शिकावे लागले. पीव्हीसी पाइपांतील शिशाच्या स्टॅबिलायझरवर केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पाइप कडक असतो, त्यात प्लास्टिसायझर लागत नाही. पण या नियमाने कॅल्शियम-जस्त स्टॅबिलायझरचा बाजार मोठा केला आणि त्याचा अनुभव मऊ मालातही उपयोगी पडला.

कॅल्शियम-जस्त साबण विषारी नाही, पण त्याचा एक दोष आहे. जस्त आपले काम करताना जस्त क्लोराइड बनते, आणि ते स्वतःच पीव्हीसीच्या विघटनाला जोर देते. त्यामुळे माल बराच वेळ स्वच्छ राहतो आणि मग अचानक काळा ठिक्कर पडतो. कारखान्यांत याला जस्त जळणे म्हणतात. एपॉक्सी तेल हायड्रोजन क्लोराइड पकडून आणि जस्ताला दुरुस्तीच्या कामात गुंतवून हा क्षण पुढे ढकलते. शिशाच्या जमान्यात केबलच्या कम्पाउंडमध्ये ते ऐच्छिक होते. कॅल्शियम-जस्ताच्या कम्पाउंडमध्ये ते जवळजवळ आवश्यक ठरले.

प्लास्टिसायझरच्या बाजूनेही बदल झाले. डीओपीसह काही थॅलेटांवर युरोपात मुलांच्या खेळण्यांसाठी १९९९ पासून निर्बंध येत गेले. अमेरिकेने २००८ च्या कायद्याने तसेच केले. भारतात खेळण्यांच्या सुरक्षिततेचे मानक १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक झाले. डीओटीपीसारखे थॅलेट नसलेले प्लास्टिसायझर पुढे आले, पण त्यांच्याही सोबत एपॉक्सी तेल लागते, कारण त्यांपैकी कुणीही हायड्रोजन क्लोराइड पकडत नाही.

एका ठिकाणी मात्र एपॉक्सी तेल मुख्य प्लास्टिसायझर म्हणून वापरले गेले. काचेच्या बरणीच्या धातूच्या फिरकी झाकणाला आतून मऊ पीव्हीसीचे वेटोळे असते. ते झाकणावर ओतून सुमारे दोनशे अंशांना भाजले जाते, म्हणून त्यात उष्णता सोसणारे द्रव्य हवे. झाकणाच्या आत ऊन पोहोचत नसल्याने चिकट थराची अडचणही येत नाही. पण बरणीत लोणचे, पेस्टो किंवा तेलात बुडवलेली भाजी असेल, तर पदार्थातले तेल वेटोळ्यातून एपॉक्सी तेल खेचून घेते. युरोपात बरणीबंद बाळान्नात ते आढळले, तेव्हा युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००४ मध्ये त्याचे मूल्यमापन केले. शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज १ मिलिग्रॅम हे सुरक्षित सेवनाचे प्रमाण धरण्यात आले. अन्नात उतरण्याची मर्यादा सर्वसाधारण पदार्थांसाठी दर किलोला ६० मिलिग्रॅम आणि बाळान्नासाठी ३० मिलिग्रॅम ठेवण्यात आली. भारतात अन्नाच्या संपर्कातील पीव्हीसीसाठी आयएस १०१५१ हे मानक आहे. तेलकट पदार्थांच्या बरण्यांसाठी झाकणाचे कम्पाउंड निवडताना हा मुद्दा आता वेगळा पाहिला जातो.

अशा रीतीने १९४० च्या दशकात चरबीला ग्राहक शोधण्यासाठी सुरू झालेले संशोधन सोयाबीन तेलावर येऊन स्थिरावले. प्लास्टिसायझर आणि स्टॅबिलायझर एकाच द्रव्यात आणण्याचे मूळ उद्दिष्ट पूर्णपणे साधले नाही. दर शंभर भागांत तीन-पाच भाग एवढेच त्याचे सामान्य प्रमाण राहिले. पण शिसे, कॅडमियम आणि डीओपी यांपैकी प्रत्येकाला पर्याय शोधताना या तेलाची गरज कमी झाली नाही, उलट वाढली. नव्या साथीदारांना त्याची मदत जुन्यांपेक्षा अधिक लागते, हे त्याचे कारण.